म्हाताऱ्या गाडीस नवी बॅटरी

ज्याचे सारे आयुष्य मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात गेले, त्याने मोटारीच्या बॅटरीवर लेख लिहावा, हे पाहून आमचे जुने विद्यार्थी हसतील. त्यांनी खुशाल हसावे. शब्दरूप चुकले तर परीक्षेत एखादा गुण जातो. बॅटरी चुकली तर भर पावसात, अंधाऱ्या रस्त्यावर, घरातील वडील माणसास घेऊन ताटकळत बसावे लागते. हा अनुभव आम्ही गेल्या श्रावणात घेतला. तेव्हापासून आम्ही या विषयाचा जमेल तितका अभ्यास केला, जाणत्यांस विचारले, आणि स्वतःची चूक कोठे झाली तेही पाहिले. ज्यांच्या घरी एखादी जुनी गाडी वाडवडिलांची आठवण म्हणून जपून ठेवलेली आहे, अशा वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून ती हकीगत येथे देत आहो.

आमचे घर त्र्यंबकेश्वरी. आमचे थोरले बंधू तेथे वैद्यकी करीत. १९६६ सालची एक फियाट त्यांनी १९७४ साली नाशकात जुनी म्हणून विकत घेतली. हरसूलकडच्या वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री बोलावणे येई, आणि त्या काळी पावसाळ्यात तिकडे जावयाचे म्हणजे काय, हे त्या मुलखात राहिलेल्यासच ठाऊक. गाडीचे दोन दिवे चढावर दिसले की रोग्याच्या घरची माणसे कंदील घेऊन बाहेर येत. दादा जाऊन आता बारा वर्षे झाली. गाडी मात्र वाड्याच्या पडवीत आहे. घरात पुतण्याची नवी गाडीही आहे. परंतु आमच्या वहिनी ऐंशीच्या घरात पोचल्या, गुडघे धरले, आणि नव्या गाडीत वाकून शिरणे व खोल बैठकीतून उठणे त्यांस जमेनासे झाले. फियाटची बैठक खुर्चीसारखी ताठ व उंच. तीत त्या कोणाचा हात न धरता बसतात. तेव्हा ही गाडी आमच्या घरी केवळ शोभेची नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

श्रावणातील तो शनिवार

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस केवढा जनसमुदाय लोटतो, हे सांगावयास नको. त्याच्या आदल्या शनिवारी वहिनींस डोळे दाखविण्यासाठी नाशकास नेले होते. परत निघावयास संध्याकाळ झाली. नाशिकपासून त्र्यंबक सुमारे ३० किलोमीटर. एरवी तासाभराचा रस्ता. परंतु अंजनेरीच्या अलीकडेच वाहनांची रांग लागली. पाऊस कोसळत होता. पुढचे दिवे, मागचे दिवे, काच पुसणारे वायपर, सारे चालू. गाडी मात्र दहा पावले सरकावी आणि पाच मिनिटे थांबावी, अशी. तासाभरात दिवे पिवळे पडले, वायपर अर्ध्यावर रेंगाळू लागले, आणि एका थांब्यावर इंजिन जे बंद पडले ते बंदच. सेल्फची किल्ली फिरवली, तर 'टक्' एवढाच आवाज.

मागच्या जीपमधील चार तरुणांनी उतरून धक्का दिला. उपयोग झाला नाही. आमची समजूत अशी की, धक्का दिला म्हणजे कोणतीही गाडी सुरू होते. ती समजूत खोटी ठरली. ठिणगी पडावयासही थोडी तरी वीज बॅटरीत शिल्लक लागते. ती मुळीच नसेल तर धक्का देणाऱ्यांचे श्रम मात्र फुकट जातात. अखेर त्या जीपने दोर बांधून आम्हांस ओढीत नेले. घरी पोचावयास रात्रीचे अकरा वाजले. वहिनी भिजल्या नव्हत्या, पण गारठल्या होत्या. वाटेत त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत. उंबऱ्यावर पाय ठेवताना एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या वेळी ही असं कधी करत नव्हती."

हे वाक्य आम्हांस लागले. कारण ती बॅटरी जुनी नव्हती. पुरते वर्षही झाले नव्हते. नाशकातील एका दुकानी आम्ही स्वतः जाऊन ती घेतली होती. "सर्वांत भारी, पूर्ण सीलबंद, पाणी घालायची कटकट नाही, बसवा आणि विसरा," असे दुकानदार म्हणाला, आणि आम्ही खरोखरीच बसवली व विसरलो.

दुसऱ्या दिवशी घरात चर्चा झाली. पुतण्याचे म्हणणे पडले की, गाडी आता विकावी. "काका, आज बॅटरी गेली, उद्या दुसरं काही जाईल. आईला घेऊन रस्त्यात अडकण्याइतकी ही हौस मोठी आहे का?" प्रश्न रास्त होता व आमच्यापाशी उत्तर नव्हते. वहिनी देवघरात वाती वळीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तेव्हा आमची सून, म्हणजे पुतण्याची पत्नी, जी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविते, तिने एकच गोष्ट विचारली. "काका, नवी बॅटरी बसवली तेव्हा गाडीचा डायनॅमो किती दाबानं वीज देतो, हे कोणी मोजलं होतं का?"

कोणीच मोजले नव्हते. घरात नवे माणूस येते तेव्हा त्याचीच परीक्षा पाहण्याची आपली रीत आहे. घराची परीक्षा कोणी पाहत नाही. सुनेच्या तोंडून हा प्रश्न यावा, यात आम्हांस जो बोध व्हावयाचा तो झाला.

बॅटरी म्हणजे काय

मूळ गोष्ट अशी आहे. शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची ही बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम केली. १८८१ साली कामील फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप पत्र्यांवर देण्याची युक्ती काढली आणि तीत पुष्कळ वीज साठू लागली. तत्त्व आजही तेच. एक पत्रा शिशाचा, दुसरा शिशाच्या ऑक्साइडचा, आणि मध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल. वीज बाहेर देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. वीज परत आत घातली म्हणजे सल्फेट विरघळते व आम्ल पुन्हा तेज होते. अशा एका कोठ्यापासून सुमारे २ व्होल्टचा दाब मिळतो. सहा कोठे एकापुढे एक जोडले म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी झाली.

मोटारीत बॅटरीस हे महत्त्व आले ते पुढे. आरंभी गाड्या हँडल मारून सुरू करीत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीस विजेचा सेल्फ बसला आणि बॅटरी ही गाडीची गरज झाली. सेल्फ फिरताना क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर वीज ओढली जाते. म्हणजे बॅटरीचे खरे काम थोडा वेळ पण जोराचे. त्यानंतर इंजिनाबरोबर फिरणारा डायनॅमो ती तूट भरून काढतो. व्यवहार घरखर्चासारखाच. खर्च एकदम होतो, भरणा हळूहळू करावा लागतो.

या भरण्यावर लक्ष ठेवणारी एक लहानशी पेटी बॉनेटखाली असते. तिला आपले मिस्त्री 'कटाउट' म्हणतात. डायनॅमोचा दाब फार वाढू न देणे आणि इंजिन थांबल्यावर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत जाऊ न देणे, ही तिची कामे. जुन्या गाड्यांत ही पेटी म्हणजे स्प्रिंगा व संपर्कबिंदू यांचा खेळ. पन्नास-साठ वर्षांत स्प्रिंग सैल पडते, बिंदू जळतात, आणि मोजमाप बिघडते.

'सीलबंद' या शब्दाचे तीन अर्थ

दुकानात सीलबंद हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंस लावतात. सारा घोटाळा येथेच आहे.

पहिला प्रकार म्हणजे 'मेंटेनन्स-फ्री' म्हणून विकली जाणारी साधी बॅटरी. आत आम्ल पातळच असते. परंतु पत्र्यांच्या शिशात कॅल्शियम मिसळल्यामुळे पाणी फार थोडे खर्च होते, म्हणून वर बुचे ठेवीत नाहीत. वायू जावयास मात्र बारीक वाट असते. दुसरा प्रकार 'एजीएम'. यात आम्ल काचेच्या तंतूंच्या पातळ गादीत शोषून ठेवलेले असते. बॅटरी कलंडली तरी सांडत नाही. तिसरा 'जेल', ज्यात आम्ल खळीसारखे घट्ट केलेले असते. हा प्रकार जर्मनीत १९५७ च्या सुमारास निघाला. एजीएम त्यानंतर, १९७० नंतरच्या काळात अमेरिकेत आला.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील खुबी अशी. बॅटरी भरीत असता पाण्यापासून प्राणवायू सुटतो, तो गादीतून पलीकडच्या पत्र्याकडे जातो व तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. म्हणून त्यांत पाणी घालावे लागत नाही. वर एक झडप असते. ती एरवी बंद राहते. परंतु भरणा मर्यादेबाहेर जोराने झाला, तर वायू इतका साठतो की झडप उघडते व तो बाहेर जातो. तो वायू म्हणजे आतले पाणीच. एकदा गेले ते गेले. परत घालावयास वाट नाही. जुन्या बुचांच्या बॅटरीतही जास्त भरण्याने पाणी आटते, पण तेथे आपण डिस्टिल्ड वॉटर घालून ते पुरे करतो. म्हणजे जुनी बॅटरी चूक पोटात घालणारी, आणि नवी चुकीची आठवण ठेवणारी.

आमच्या मिस्त्रींनी हेच त्यांच्या भाषेत सांगितले. दादांच्या वेळेपासून गाडी पाहणारे हे गृहस्थ आता स्वतःच पंचाहत्तरीचे. ते म्हणाले, "गुरुजी, सील बॅटरीचं तोंड शिवलेलं असतं. तिला तहान लागली तर ती बोलत नाही. आणि बोलली तरी तुम्ही पाणी घालणार कुठून?"

दोष कोठे होता

सुनेने मल्टिमीटर आणला. मिस्त्रींनी दुसरी बॅटरी तात्पुरती लावून गाडी सुरू केली. इंजिन मंद चालत असता पॅनेलवरचा तांबडा दिवा मिणमिणत होता व दाब जेमतेम १२ व्होल्ट. म्हणजे भरणा शून्य. इंजिनाचा वेग वाढविला तेव्हा आकडा चढू लागला. तो १४ ते १४.५ या दरम्यान थांबावयास हवा होता. तो १५.४ वर गेला.

दोन्ही आकडे मिळून सारी कथा उलगडली. मोकळ्या रस्त्यावर धावताना कटाउट दाब आवरीत नव्हता; त्यामुळे वर्षभर दर फेरीस त्या महागड्या एजीएम बॅटरीतील पाणी झडपेवाटे उडून जात होते. मधून मधून गाडीत कुजक्या अंड्यासारखा दर्प येई. आम्ही तो पेट्रोलचा दोष समजलो. बॅटरी आतून सुकली व तिची साठवण उतरली. उलट रांगेत थांबल्यावर डायनॅमो काहीच देत नव्हता. हा त्याचा बिघाड नव्हे; सगळ्याच जुन्या डायनॅमोंचा तो स्वभाव आहे. आजच्या गाड्यांतील अल्टरनेटर मंद गतीतही पुरेशी वीज देतो, डायनॅमो देत नाही.

सुनेने पाटीवर हिशेब मांडून दाखविला. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ४५ वॉटचे, मिळून ९० वॉट. त्यास १२ ने भागिले असता साडेसात अँपिअर. मागचे दिवे, वायपर आणि ठिणगीची कॉइल धरून बारा-तेरा अँपिअर. म्हणजे एक तास रांगेत थांबले की चांगल्या, ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतूनही पाव भागाहून अधिक वीज गेली. निरोगी बॅटरीने हे सोसले असते. सुकलेलीने सोसले नाही.

आम्हांस काकतालीय न्याय आठवला. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडली की लोक कावळ्यास दोष देतात. येथे लोकांनी गर्दीस, पावसास, गाडीच्या वयास, आणि आम्ही मनात दुकानदारास दोष दिला. दुकानदाराने गाडी न पाहता बॅटरी विकली, हे खरे. पण गाडी न दाखविता ती घेणारे आम्हीच होतो.

निवड कशी केली

आधी कटाउट दुरुस्त करून घेतला. मिस्त्रींनी बिंदू घासले, स्प्रिंग लावून घेतली, आणि दाब १४.३ व्होल्टवर आणून ठेवला. डायनॅमोचे झिजलेले कार्बन-ब्रश बदलले, पट्टा ताणला, आणि इंजिनापासून गाडीच्या अंगास जाणारी अर्थची जुनी तार बदलली. एवढे झाल्यावरच बॅटरीचा विचार. यात जे पाहिले ते क्रमाने सांगतो.

प्रथम गाडीचा दाब व अर्थिंग. १९५० पूर्वीच्या पुष्कळ गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. शिवाय त्या पिढीतील बहुतेक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक अंगास जोडलेले असते. आजच्या पद्धतीच्या उलट. मोरिस वगैरे गाड्या बाळगणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे. आमची फियाट १२ व्होल्टची, आणि तिचे उणे टोक अंगास. बॅटरी उलटी जोडली तर डायनॅमोचे ध्रुव उलटतात, आणि आत कोणी रेडिओ बसविला असेल तर तो तत्काळ जळतो.

दुसरे, बैठक व उंची. बॅटरी ठेवावयाच्या तबकाची लांबी, रुंदी आणि बॉनेट मिटल्यावर वर राहणारी जागा, ही तिन्ही मापे कागदावर घेऊन दुकानी जावे. टोक बॉनेटच्या पत्र्यास लागले तर आग लागते. बॅटरीवर जी '३८बी२०एल' अशी अक्षरे असतात ती निरर्थक नाहीत. पहिला आकडा शक्तीचा, 'बी' हे रुंदी-उंचीचे चिन्ह, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरांत, आणि शेवटचे 'एल' किंवा 'आर' हे अधिक टोक कोणत्या बाजूस आहे ते सांगते. टोके उलट बाजूंस असलेली बॅटरी घेतली तर तारा पुरत नाहीत, मग त्या ओढून ताणून बसवाव्या लागतात. टोकांची जाडीही दोन प्रकारची असते, तीही पाहावी.

तिसरे, शक्ती. मोठी तितकी चांगली, हा समज सोडावा. आमच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनास ४०-४५ अँपिअर-तास पुरेत. डायनॅमो लहान असता मोठी बॅटरी घेतली, तर ती कधी पुरी भरतच नाही. आणि अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत सल्फेटचे खडे होतात, ते पुढे विरघळत नाहीत.

चौथे, प्रकार. बुचांची जुनी बॅटरी घ्यावी, असे मिस्त्रींचे मत होते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. तीत एकेका कोठ्यातील आम्ल हायड्रोमीटरने तपासता येते. भरलेल्या कोठ्याचा आकडा १.२६० ते १.२८०, आणि एखादाच कोठा मागे राहिला तर तो लगेच उघडा पडतो. सीलबंद बॅटरीत ही सोय नाही. परंतु आमची गाडी महिन्यातून पाच-सहा दिवस चालते. उभ्या गाडीत बुचांची बॅटरी लवकर उतरते, आम्लाच्या वाफेने तबकास गंज चढतो, आणि त्र्यंबकच्या दमट पावसाळ्यात तो फार झपाट्याने चढतो. एजीएम यास उत्तम, पण महाग. आणि कटाउट पुन्हा बिघडला तर ती पुन्हा सुकणार. जेल त्याहून नाजूक, तिला १४.१-१४.२ च्या वर दाब सोसत नाही. अखेर मध्यम मार्ग काढला. पहिल्या प्रकारची, कॅल्शियमची मेंटेनन्स-फ्री बॅटरी घेतली. तिला पुरी भरावयास १४.३ थोडा कमी पडतो; म्हणून भिंतीवर एक लहान ट्रिकल चार्जर लावला. पंधरा दिवसांतून एक रात्र तो जोडला म्हणजे काम झाले.

पाचवे, बॅटरीचा जन्मदिवस. अंगावर बनविल्याची तारीख किंवा खूण असते ती विचारून घ्यावी. सहा महिन्यांहून जुनी घेऊ नये. तेथेच मीटर लावून पाहावे. १२.६ किंवा अधिक असेल तर ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. दुकानातच निम्म्यावर आलेली बॅटरी कितीही हमी दिली तरी नाकारावी.

जोडताना अंगास जाणारी तार सर्वांत शेवटी लावावी व काढताना ती प्रथम काढावी. म्हणजे पाना निसटून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाही. टोकांवर व्हॅसलीन चोळावे. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींस मुद्दाम सांगावयाची. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास आपण गाडीची पूजा करतो. नुकत्याच भरलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन वायू असतो, तो पेट घेतो. म्हणून उघड्या बॉनेटपाशी निरांजन व उदबत्ती नेऊ नये. हळदकुंकू बॉनेटवर वाहावे, बॅटरीच्या टोकांवर नव्हे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष बाधते. परसात बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारे लोक आपल्या व शेजाऱ्यांच्या मुलांचे नुकसान करतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनविणाऱ्यांवर आहे; दुकानात ती परत दिली म्हणजे किंमतीतही सूट मिळते, आणि ते शिसे बहुतेक सारे नव्या बॅटरीच्या कामी येते.

गाडीचे कुळ आणि कायदा

विषय निघाला म्हणून या गाडीच्या कुळाविषयी दोन शब्द. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जोडीत, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पहिल्या गोलसर ठेवणीच्या गाडीस आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे प्रेमाचे नाव दिले. १९६४ पासून आमच्यासारखी डिलाइट निघू लागली; तीच १९७२ च्या सुमारास प्रीमियर प्रेसिडेंट व पुढे पद्मिनी झाली. २००१ च्या सुमारास ती निघावयाची थांबली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. एके काळी महाराष्ट्रातील डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या दारी हीच गाडी दिसे.

पुतण्याने विचारले होते की, एवढी जुनी गाडी कायद्याने ठेवता येते काय. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने ५० वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, मेळावे, पेट्रोल व दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास नाही. वहिनींस दवाखान्यात नेणे त्यात बसत नाही. म्हणून आम्ही साध्या नोंदणीचेच, पाच-पाच वर्षांनी तपासणी करून, नूतनीकरण करीत आलो. ज्यांची गाडी केवळ जपून ठेवण्याची आहे, त्यांनी दुसऱ्या वाटेचा विचार करावा.

असो. नवी बॅटरी बसली त्या दिवसापासून आम्ही एक वही केली आहे. पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, मीटरवरचा आकडा तीत लिहितो. शाळेतील हजेरीपटाची सवय येथे कामास आली. आकडा १२.५ च्या खाली गेला की रात्री चार्जर जोडतो. रांगेत थांबण्याची वेळ आली तर अनावश्यक दिवे बंद करतो व इंजिनास अधून मधून थोडा वेग देतो. हे नियम कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवले आहेत, कारण पुढे गाडी चालविणारे हात आमचे नसतील.

दसऱ्यास पंचवटीत वहिनींच्या माहेरी जावयाचे होते. पुतण्या आपली नवी गाडी काढू लागला. वहिनी पडवीत येऊन फियाटच्या दारापाशी उभ्या राहिल्या. पुतण्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही सुनेकडे पाहिले. तिने वही उघडून दाखविली: १२.६. मग पुतण्यानेच किल्ली घेतली. पहिल्याच फेऱ्यास इंजिन लागले. वहिनी आपल्या आपण चढून बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आता कशी, पहिल्यासारखी बोलली."

परतताना अंजनेरीपाशी अंधार पडला होता. दिवे पांढरे स्वच्छ होते. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.